सूचनेसाठी अर्धी ओळ

शशिकलाताईने फॉर्म खाटेवर ठेवला,
कानामागचा पेन काढून माझ्या हाती दिला.
"तू बारावी झालेली. तूच भर."
ऊन पत्र्यावर तडतडत होतं,
कूलरमध्ये पाणी होतं, लाईन नव्हती,
आणि पोटातलं पोर बरगडीखाली टाच घासत होतं
उंबरठ्यावर पाय पुसावेत तशी.

तारीख: मेचा तिसरा आठवडा.
ठिकाण: ग्रामीण रुग्णालय, सत्तावीस किलोमीटर,
त्यातले सहा नुसत्या गिट्टीचे.
वाहन: एकशे आठ.
नाही आली तर हंसराजभाऊचा मालवाहू ऑटो,
ज्यातून परवाच शेळ्या गेल्या बाजाराला.
"धुऊन घेऊ," ताई म्हणाली, "गादी टाकू. लिही."
रेंज: पाण्याच्या टाकीवर, तिसऱ्या पायरीपासून.
हा रकाना छापलेला नव्हता. मी आखला.

मग रक्त.
माझं बी निगेटिव्ह.
नवऱ्याचं ओ पॉझिटिव्ह, दिराचंही तेच,
सासऱ्यांनी सुई कधी टोचूच दिली नाही.
ताईने शिबिराची जुनी यादी काढली,
बोट खाली सरकत एका नावावर थांबलं,
आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
उद्धव गोहोकार.
आमच्या धुऱ्याचा शेजारी.
एक तोडलेली बाभूळ, तहसीलच्या किती तारखा,
अकरा वर्षं आमच्या चुलीपाशी हे नाव निघालं
की वरण करपतं.

संध्याकाळी गेले.
माझ्याआधी पोट पोचलं त्याच्या अंगणात.
तो पऱ्हाटी रचत होता. मोळी खाली न ठेवता
सगळं ऐकलं त्याने, मग ठेवली.
"धुऱ्याचं धुऱ्यावर पाहू.
रात्री दोनले फोन लावला तरी चालते.
पण सांगजो तुह्या सासऱ्याले,
बाभूय माहीच होती."
त्याच्या बायकोने पदरात टेंभरं टाकली, पिकलेली, मूठभर.
वाटेत सगळी खाल्ली. बिया नाल्यात थुंकल्या.

सोबत कोण: एकच नाव चालतं.
मी लिहिलं, मैनाबाई आत्राम.
गावातली अर्धी तोंडं
त्यांच्या आयांच्या आधी हिने पाहिलेली.
सासू म्हणाली, दवाखान्यात सुईण कायले?
मैनाबाई तंबाखू मळत म्हणाली,
"म्या काई करत नाई तिथं. हात धरून बसतो फक्त."
आणि दोन दिवसांनी आणून दिलं
उकळून उन्हात वाळवलेलं जुनं लुगडं,
चार तुकडे, कडा दुमडून शिवलेल्या.
धुऊन धुऊन इतकं मऊ
की बोटांना कळेना, कापड कुठे संपतं.

खाली छापलं होतं: विशेष सूचना.
पुढे अर्धी ओळ.
अर्ध्या ओळीत काय मावतं?
बाळ आधी माझ्या छातीवर, वजन मग.
गूळपाणी नको, मध नको, काजळ नको
(सासूला वाचता येत नाही, तरी बारीक अक्षरात लिहिलं).
आंघोळीची घाई नको.
बाळाचं रक्त पॉझिटिव्ह निघालं
तर मला बहात्तर तासांत इंजेक्शन, विसरू नका.
ओळ संपली. मी समासात शिरले,
कागद आडवा केला, कडेकडेने गेले:
मुलगा की मुलगी ते नंतर सांगा.
आधी सांगा, रडलं का.
मागच्या खेपेला खोलीत
फक्त पंख्याचा आवाज होता.

ताईने ते वाचलं. वरती काही बोलली नाही.
फॉर्मची घडी केली, आधार कार्ड, पासबुक,
लुगड्याचे तुकडे, सगळं एका पिशवीत,
पिशवी दाराच्या खुंटीला.

रात्री लाईन आली तेव्हा पाहिलं,
खुंटीशेजारी भिंतीवर कोळशाने लिहिलेला नंबर.
सासऱ्यांचं अक्षर, वाकडं, मोठं.
नाव नव्हतं.
नुसते दहा आकडे,
शेवटचा दोनदा गिरवलेला.